चौथा टाका

बेटाची लांबी पावणेदोन किलोमीटर, रुंदी जेमतेम अर्धा. गावात त्रेसष्ट घरं आहेत आणि त्यांतल्या अठ्ठेचाळीस घरांवर पाट्या आहेत: लॉज, निवास, व्हिला, रिसॉर्ट. उरलेल्या पंधरा घरांत त्या अठ्ठेचाळीस घरांचे आचारी, सफाईवाले आणि पाहुण्यांसमोर नकोसे झालेले म्हातारे आईबाप राहतात. बोट सकाळी साडेनऊला येते, संध्याकाळी पाचला परत जाते. धक्क्यावर उतरणाऱ्याच्या डोक्यावर आधी कमान येते आणि कमानीवर राजचिन्ह: एक वर्तुळ, त्यात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरप्या रेघा, खाली तीन आडव्या रेघा. वर्तुळ म्हणजे सूर्य, तिरप्या रेघा म्हणजे तलवारी, आडव्या रेघा म्हणजे लाटा, असं गाव सांगतं. पाहुणा मग दोन दिवस याच चिन्हाने तोंड पुसतो, याच चिन्हावर डोकं ठेवून झोपतो आणि जाताना याच चिन्हाची साबणाची वडी पिशवीत टाकतो.

चिन्हामागे इतिहास आहे. तो चोवीस पानांच्या पुस्तिकेत छापलेला आहे आणि पुस्तिका मास्तरांनी लिहिलेली आहे. गावातली शाळा मुलांअभावी बंद पडली, मास्तर मात्र चालू राहिले. पुस्तिकेचं पहिलं वाक्य असं आहे: ‘या बेटाचा वारा चांगला आहे, इथे कुणी मरत नाही.’ पहिल्या आवृत्तीत ‘एक श्रीमंत प्रवासी’ हवापालटासाठी बेटावर आला होता. दुसऱ्या आवृत्तीत तो ‘राजघराण्यातील एक व्यक्ती’ झाला. तिसऱ्या, सुधारित आवृत्तीत तो राजपुत्र आहे, त्याची छाती कमजोर आहे, राजवैद्यांनी हात टेकले आहेत आणि बेटाच्या वाऱ्याने तो चाळीस दिवसांत ठणठणीत बरा होतो. निघताना त्याला भरून येतं आणि तो आपली राजचिन्हाची चादर गावाला भेट देतो. राजपुत्र कुठला, कोणत्या साली आला, त्याचं नाव काय, हे पुस्तिकेत नाही. कुणी विचारलंच तर मास्तर म्हणतात, “नम्रतेपोटी त्यांनी नाव गुप्त ठेवलं.”

खरा इतिहास एवढा सुवासिक नाही. इथे विलगीकरणाचं ठाणं होतं. किनाऱ्यावरच्या बंदराकडे निघालेल्या जहाजात साथीचा रोगी सापडला की सगळं जहाज इथे रिकामं करत आणि माणसांना चाळीस दिवस ठेवून घेत. चाळीसचा आकडा तेवढा पुस्तिकेत बरोबर आला आहे. पुष्कळ जण एकेचाळिसावा दिवस बघत नसत. गावातल्या लोकांना ठाण्यात कामं होती: पाणी भरणं, कपडे धुणं, खड्डे खणणं. सगळ्यात जास्त मागणी खड्ड्यांच्या कामाला असे, कारण आपल्या खिशात काय होतं हे सांगायला मेलेला माणूस परत येत नाही. ठाणं बंद झालं तेव्हा सरकारने भिंती सोडल्या, गावाने त्याही सोडल्या नाहीत. दगड, दरवाजे, लोखंडी खाटा, पितळी नळ, सगळं घराघरांत गेलं. पहिल्या चार लॉजांच्या पहिल्या खाटा कुठून आल्या हे विचारायची गावात पद्धत नाही. खड्डे होते तिथे आता सगळ्यात मोठ्या रिसॉर्टची हिरवळ आहे. गवत तिथे फार छान येतं.

ठाण्याचं एकच बांधकाम जागेवर राहिलं: कपडे धुण्याचं भट्टीघर. तेही कुणाला माया आली म्हणून नव्हे, लॉजांच्या चादरी धुवायला ते लागत होतं म्हणून. तीन दगडी हौद, एक मोठी तांब्याची टाकी, तिच्याखाली भट्टी, वर धुरांडं, मागे कपडे वाळत घालायचं आवार आणि कडेला दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत भट्टीवाली राहते. वय अठ्ठावन्न, नवरा गेलेला, मुलगी किनाऱ्यावर नांदते. सोबत धाकटी जाऊ आहे, तीही एकटीच. जाऊ इस्त्री करते आणि तोंड चालवते, आणि दोन्ही सदा तापलेली असतात.

भट्टीवालीच्या कामात एक जुनी पद्धत आहे. चादर कुणाची आणि तिचं काय करायचं, हे ती कागदावर लिहीत नाही, कोपऱ्यावर लाल दोऱ्याने टाके घालते. हे टाके तिला सासूने शिकवले. सासू चौदाव्या वर्षी ठाण्यात कामाला लागली होती आणि तिथली खूणभाषा तिच्या बोटांत होती. उभा टाका म्हणजे नोकरांचे कपडे. तिरपा टाका म्हणजे तपासणीत असलेला प्रवासी. दोन तिरपे टाके, म्हणजे फुली, हा रोगी. फुलीभोवती वर्तुळ असेल तर साथीचा वॉर्ड: कपडा वेगळा ठेवायचा आणि सोड्याच्या पाण्यात दोन उकळ्या द्यायच्या. वर्तुळाखाली आडवा टाका म्हणजे या चादरीवर एक माणूस गेला. दुसरा गेला की दुसरा टाका. तीन टाक्यांपर्यंत चादर वापरात राहायची, कारण चादर सरकारच्या मालकीची होती आणि माणूस नव्हता. चौथा टाका पडला की ती धुवायची नाही, भट्टीत घालायची.

तर गावाच्या कमानीवर, टॉवेलवर, अभ्र्यांवर आणि साबणावर जे राजचिन्ह आहे ते असं वाचायचं: साथीचा रोगी, वेगळं ठेवा, तीन मेले.

ती चादर बारा वर्षांपूर्वी सापडली. रिसॉर्टमालकांच्या संघटनेचे अध्यक्ष आपल्या आजोबांचं जुनं घर पाडत होते, तेव्हा माळ्यावरच्या पेटीत ती निघाली. आजोबा ठाण्यात खड्डे खणत, त्यामुळे ती पेटीत कशी आली याचं फार मोठं कोडं नव्हतं. अध्यक्षांना मात्र कोपऱ्यावरच्या लाल नक्षीत राजघराणं दिसलं, मास्तरांना अध्यक्षांमध्ये प्रकाशक दिसला, आणि दोन महिन्यांत चादरीचं थाटात अनावरण झालं. भट्टीवाली आणि तिची जाऊ मागच्या रांगेत उभ्या होत्या. पडदा सरकला तशी जाऊला हसू आवरेना. ती पदार्थांच्या टेबलामागे जाऊन खाली बसली आणि तिने पाणी मागून घेतलं. भट्टीवाली हसली नाही. दुसऱ्या दिवशी नव्या चिन्हाच्या अडीचशे चादरी धुवायला येणार होत्या. ती मूग गिळून बसली. एक गोष्ट तेवढी तिने त्या दिवसापासून पाळली: त्या चिन्हाचा प्रत्येक कपडा ती दोनदा उकळते. खूण जे सांगते ते करायचं, एवढंच तिला शिकवलेलं होतं. पाहुणे अभिप्राय-वहीत लिहितात की इथल्या चादरींसारख्या स्वच्छ चादरी कुठे पाहिल्या नाहीत.

या वर्षी सरकारने ‘ऐतिहासिक पर्यटनस्थळां’ची यादी काढली. यादीत नाव लागलं की नवा धक्का, दुसरी बोट आणि पाटी मिळणार होती. अट एकच: गाव ज्या काळाचा इतिहास सांगतं त्या काळातली निदान एक इमारत मूळ स्थितीत उभी हवी. संघटनेची बैठक सर्वात मोठ्या रिसॉर्टच्या ‘राजदरबार’ नावाच्या वातानुकूलित हॉलमध्ये झाली. आपल्या बापजाद्यांनी सगळं मोडून खाल्लं आहे हे तिथे पहिल्यांदा सर्वांच्या लक्षात आलं आणि कुणीच तसं बोललं नाही. मग एकाला भट्टीघर आठवलं. अर्ध्या तासात ते राजपुत्राचं स्नानगृह झालं. ठराव एकमताने झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष भट्टीघरात आले. ते भट्टीवालीचे मावसभाऊ. चारचौघांत ते तिला ‘त्या भट्टीच्या बाई’ म्हणतात, एकटे असले की ताई.

“ताई, आनंदाची बातमी आहे.”

“कुणाच्या आनंदाची?” जाऊने इस्त्रीवरून मान न उचलता विचारलं.

“गावाच्या. आपण सरकारी यादीत चाललोय. पुढच्या महिन्यात पाहणी आहे. आणि तुझं हे घर ना, राजपुत्राचं स्नानगृह निघालं.”

“निघालं म्हणजे? काल तर नव्हतं,” भट्टीवाली म्हणाली.

“मास्तरांनी संशोधन केलं.”

“मास्तर चार दिवस गुडघा शेकत पडलेत. त्यांची पांघरुणं माझ्याकडे आहेत.”

“संशोधन बसूनही होतं, ताई. आता तूच बघ. हौद आहेत, तांब्याची टाकी आहे, धुरांडं आहे. राजपुत्राशिवाय एवढं गरम पाणी कुणाला लागणार?”

“चारशे चादरींना,” जाऊ म्हणाली.

अध्यक्षांनी हसून घेतलं. मग मुद्द्यावर आले. तीन आठवड्यांत दोन्ही खोल्या रिकाम्या करायच्या. राहायला रिसॉर्टच्या मागची खोली. धुणं पुढे किनाऱ्यावरच्या मशीनवाल्यांकडे जाणार, बोलणी झाली आहेत.

“तूही आता दमलीस. किती दिवस उकळत्या पाण्यात हात घालणार? आराम कर जरा.”

“मागची खोली म्हणजे जनरेटरच्या शेजारची?”

“आवाजाची सवय होते गं.”

“तुला झाली का?”

“मी तिथे कुठे राहतो?” अध्यक्ष म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

भट्टीवालीने हात पुसले. घर जाणार होतं आणि त्याच्याबरोबर कामही जाणार होतं, आणि कामाशिवाय ती या बेटावर कुणीच नव्हती. दुसऱ्याच्या खोलीत दिवस काढणारी, पाहुणे आले की आत जा म्हटल्यावर आत जाणारी म्हातारी. अशा पंधरा घरांची धुणी ती धूत आली होती. त्यांचं काय होतं ते तिला ठाऊक होतं.

तिने गाठोड्यातून एक टॉवेल ओढला आणि त्याचा कोपरा अध्यक्षांसमोर धरला.

“हे काय आहे, तुला माहीत आहे?”

“राजचिन्ह.”

“हे वर्तुळ म्हणजे साथीचा वॉर्ड. ही फुली म्हणजे रोगी. आणि या खालच्या तीन,” तिने एकेका रेघेवर बोट ठेवलं, “एक मेला, दोन मेले, तीन मेले. सासूबाई स्वतः घालायच्या हे टाके. चौथा पडला की चादर भट्टीत. तुझ्या आजोबांनी तीनवर पळवली, म्हणून तुला मिळाली.”

अध्यक्ष ‘खोटं आहे’ असं म्हणाले नाहीत. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. आवारात कुणी नव्हतं. त्यांनी दार लोटून घेतलं.

“हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“मला आणि हिला.”

“मला तर उशिराच कळलं,” जाऊ म्हणाली. “बारा वर्षं झाली.”

“बारा वर्षं? आणि तुम्ही गप्प बसलात?”

“तू चादरी पाठवत होतास,” भट्टीवाली म्हणाली.

अध्यक्ष हौदाच्या कठड्यावर बसले. रिसॉर्टच्या दाराशी पाच फुटी चिन्ह आहे, पोहण्याच्या तळ्याच्या तळाशी निळ्या फरशीत आहे, मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर होतं. हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं.

“आपली आजी याच तिसऱ्या हौदावर असायची,” भट्टीवाली म्हणाली. “तू पुस्तिकेत तिला राजपुत्राची मानकरीण केलीस. ती त्याच वॉर्डात गेली, अशाच एका चादरीवर. कुठल्या, ते कुणी बघून ठेवलं नाही.”

“ते आता कशाला काढतेस?”

“मी काढत नाही. तूच कमानीवर लावलंयस.”

पुढचं बोलणं थोडक्यात झालं. दोन्ही खोल्या तिच्या राहतील. भट्टी तिची राहील. कपडे किनाऱ्यावर जाणार नाहीत. पाहणीच्या दिवशी कुणी विचारलं तर तिने नीट सांगायचं.

“नीट म्हणजे?”

“पुस्तिकेत आहे तसं.”

“लिहून दे.”

“घरच्या घरात लिहून?”

“तुमच्या मावशीचं घर घेतलंत तेव्हाही घरच्या घरातच होतं,” जाऊ म्हणाली. “त्या घराचा दरवाजा अजून तुमच्या बारला आहे.”

अध्यक्षांनी लिहून दिलं. रिसॉर्टच्या कागदावर, सही करून. कागदाच्या डोक्यावर तेच चिन्ह होतं, सोनेरी शाईत.

संघटनेला काय सांगायचं हा प्रश्न मास्तरांनी सोडवला. दोन दिवसांत त्यांना असं आढळलं की राजपुत्राची वस्त्रं सांभाळणारं एक घराणं होतं, त्याची परंपरा आजही त्याच जागी अखंड चालू आहे आणि ती तोडणं हा इतिहासाचा अपमान ठरेल. त्या घराण्याची वंशज भट्टीवाली. भट्टीघरात ती लग्न होऊन गावातल्याच दुसऱ्या घरातून आली होती आणि तिची आई खानावळीत भांडी घासायची, हे बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ठराव पुन्हा एकमताने झाला.

पाहणीला आलेल्या मॅडम पन्नाशीच्या होत्या. एक फाइल, एक मोजपट्टी आणि उन्हाची टोपी एवढंच सामान. धक्क्यावर त्यांना गार सरबत पुढे करण्यात आलं, ते त्यांनी बोटवाल्याला दिलं. कमानीखाली उभं राहून त्यांनी चिन्हाचा फोटो काढला आणि त्या काही बोलल्या नाहीत. अध्यक्षांना हे बरं लक्षण वाटलं.

भट्टीघरात त्यांनी हौद स्वतः मोजले. मग मास्तरांकडे वळल्या.

“राजपुत्र इथे स्नान करायचे, याला आधार?”

“लोकस्मृती.”

“कुणाची?”

“लोकांची.”

“ते तिन्ही हौदांत स्नान करायचे?”

“एकात स्नान,” मास्तर म्हणाले, “आणि दोन राखीव.”

मॅडम वाकून सांडपाण्याच्या दगडी पाटाकडे बघत होत्या. “समुद्र वीस पावलांवर आहे. हा पाट तिकडे न जाता उलट्या बाजूला चुन्याच्या खड्ड्यात जातो. का?”

मास्तरांनी क्षणभर विचार केला. “राजपुत्राचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून.”

मॅडमनी हे लिहून घेतलं. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. अध्यक्षांनी जाताना भट्टीवालीकडे बघून मान हलवली. आत तिघीच राहिल्या: मॅडम स्टुलावर, भट्टीवाली हौदाच्या कठड्यावर, जाऊ इस्त्रीपाशी.

“मावशी, किती वर्षं झाली इथे?”

“सदतीस.”

“ही खूण त्या चादरीच्या आधी कुठे पाहिली होती का तुम्ही?”

भट्टीवालीने पदराने कठडा पुसला.

“मी तुम्हाला स्पष्टच सांगते,” मॅडम म्हणाल्या. “आमच्या दप्तरात एका रोगठाण्याचा उल्लेख आहे. बेट कुठलं, ते पान फाटलंय. माझा अंदाज आहे की ते हेच. तुम्ही, म्हणजे इथे काम केलेल्या कुणाच्या घरच्यांनी, तसं सांगितलं तर मला ते नोंदवता येईल. मग राजपुत्राची गरज नाही. सरकार ही इमारत ताब्यात घेऊन जशीच्या तशी जपेल. बाहेर पाटी लागेल. इथे किती माणसं गेली, कुणी काम केलं, नावांसकट.”

“नावांसकट?”

“जेवढी सापडतील तेवढी. धुणाऱ्या बायकांचीही.”

भट्टीवालीने तिसऱ्या हौदाकडे पाहिलं. त्याच्या कठड्यावर मधोमध एक खोलगट झीज आहे, पोट टेकून वर्षानुवर्षं वाकणाऱ्यांनी पाडलेली. ती स्वतः तिथेच उभी राहते, कारण तिथे अंग बरोबर बसतं.

“आणि आम्ही दोघी?” तिने विचारलं.

मॅडम खोटं बोलल्या नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. “आत राहता येणार नाही. भट्टी पेटवता येणार नाही. संरक्षित इमारतीत धूर चालत नाही.”

“मग आम्हाला दुसरी जागा?”

“अर्ज करता येतो.”

“मिळते?”

“माझ्या नोकरीत एकाला मिळाली,” मॅडम म्हणाल्या. मग थोडं थांबून, “म्हणजे त्याच्या मुलाला.”

हिशेब अवघड नव्हता. राजपुत्र आला असेल तर भट्टीवाली इथे राहणार होती. तिची आजी आली असेल तर तिला जावं लागणार होतं.

“राजघराण्याची खूण आहे ती,” भट्टीवाली म्हणाली. “सूर्य, तलवारी आणि लाटा.”

“तीनच लाटा?”

“मोजायला कोण बसलंय, मॅडम. समुद्र आहे.”

“इथे कुणी मेलं होतं का, मावशी? तुमच्या ऐकण्यात?”

“या बेटाचा वारा चांगला आहे,” भट्टीवाली म्हणाली. “इथे कुणी मरत नाही.”

जळका वास आला. जाऊची इस्त्री एका अभ्र्यावर तशीच टेकलेली राहिली होती. अभ्र्यावर तपकिरी त्रिकोण उमटला होता. जाऊकडून कापड जळाल्याचं कुणाला आठवत नाही. तिने इस्त्री उचलली, अभ्रा चुरगाळून भट्टीत टाकला आणि दुसरा घेतला. मॅडमनी फाइल मिटली. पाचच्या बोटीने त्या परत गेल्या.

दीड महिन्याने गावाचं नाव यादीत लागलं. राजदरबारात भाषणं झाली, त्यांत ‘वारसा’ हा शब्द सतरा वेळा आला. भट्टीघराच्या दाराशी सरकारी पाटी लागली: ‘राजपुत्राचे स्नानगृह.’ खाली लहान अक्षरांत: ‘राजवस्त्रे सांभाळणाऱ्या घराण्याची परंपरा आजही जिवंत.’ पाहुणे दाराशी उभे राहून जिवंत परंपरेचे फोटो काढू लागले. एका बाईने भट्टीवालीला विचारलं की तुमच्या घराण्याला राजवाड्याकडून काही मिळतं का. जाऊ म्हणाली, “मिळतं ना. त्यांचं धुणं.” ती बाई खुशीत गेली.

मग एके दिवशी दुपारी अध्यक्ष स्वतः ती चादर घेऊन आले. मऊ कागदात गुंडाळलेली, पुठ्ठ्याच्या खोक्यात. भट्टीघराच्या पहिल्या खोलीत काचेची पेटी बसणार होती आणि चादर त्यात जाणार होती. पेटीसाठी ती खोली लागणार आहे हे त्यांनी सहज सांगितलं, घड्याळ बघत.

“दोन्ही खोल्या माझ्या, असं लिहून दिलंयस.”

“तुझ्याच आहेत, ताई. पेटी फक्त ठेवायची आहे. तू मागच्या खोलीत झोप, दिवसा तसंही तू हौदावर असतेस.” त्यांनी खोकं पुढे केलं. “हलक्या हाताने धू हं. पिवळी पडलीय. साबण लावू नकोस. राजपुत्राची आहे.”

शेवटचं वाक्य ते गमतीने बोलले नव्हते. भट्टीवालीने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. याच जागी, एकेका रेघेवर बोट ठेवून तिने त्यांना अर्थ सांगितला होता, त्याला तीन महिनेही झाले नव्हते. ते ढोंग करत नव्हते. जे कामाचं नाही ते या गावातल्या लोकांच्या डोक्यात टिकत नाही, आणि अध्यक्ष तर गावातले सर्वात कामसू गृहस्थ.

तिने चादर थंड पाण्यात भिजवली, तीन पाण्यांतून काढली, न पिळता सावलीत पसरली. वाळल्यावर कोपरा मांडीवर घेऊन बसली. जुना लाल दोरा तपकिरी झाला होता. तिने आपल्या रिळातला दोरा तोडला, चहाच्या उरलेल्या पाण्यात बुडवला, वाळवला, पुन्हा बुडवला. रंग जुळल्यावर सुईत ओवला आणि तीन आडव्या टाक्यांखाली चौथा घातला. तेवढ्याच लांबीचा, तेवढ्याच अंतरावर. सासूने शिकवल्याप्रमाणे मागच्या बाजूला गाठ दिसणार नाही असा.

जाऊ इस्त्री थांबवून बघत होती.

“जाऊबाई, चौथा पडला की भट्टीत घालायची.”

“माहीत आहे.”

“मग घाल ना.”

“भट्टीत घातली तर त्याला कळेल,” भट्टीवाली म्हणाली, आणि दोरा दाताने तोडला.

चादर काचेच्या पेटीत गेली. उद्घाटनाला अध्यक्ष, मास्तर, संघटनेचे सोळा सदस्य आणि दोन वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार पेटीपासून हातभर अंतरावर उभे होते. चादरीचे नवे, स्वच्छ फोटो निघाले. पहिला आठवडाभर कुणी काही बोललं नाही. मग टॉवेलांची नवी ऑर्डर द्यायची म्हणून रिसॉर्टच्या मॅनेजरने नक्षी फोटोवरून पुन्हा काढून घेतली आणि त्याला चार रेघा मोजता आल्या. कमानीवर तीन, चादरीवर चार. तातडीची बैठक झाली. अध्यक्षांनी पेटीपाशी जाऊन चष्मा लावून खात्री केली आणि ते सर्वांसमोर म्हणाले की आपण इतकी वर्षं राजपुत्रावर अन्याय केला.

पुस्तिकेची चौथी आवृत्ती त्याच महिन्यात आली. तिच्यात एक नवं प्रकरण आहे: ‘स्वच्छतेनंतर प्रकाशात आलेली चौथी लाट.’ चार लाटा म्हणजे चार दिशा, असा मास्तरांचा निष्कर्ष आहे. कमानीवर सिमेंटने चौथी रेघ काढण्यात आली. तळ्याच्या तळाची फरशी उकरून पुन्हा बसवण्यात आली. जुन्या चिन्हाच्या साबणाच्या वड्या संपेपर्यंत अर्ध्या किमतीत गेल्या.

पुढच्या सोमवारी सकाळी सात वाजता नवे टॉवेल पहिल्या धुण्यासाठी भट्टीघरात आले. पाचशे, आठ गाठोडी. जाऊने वरचं गाठोडं सोडलं, एक टॉवेल उलगडला आणि कोपरा बघितला. मग दुसरा उलगडला. मग सगळं गाठोडं उपसलं. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर वर्तुळ, फुली आणि चार आडवे टाके, मशीनने घातलेले, लाल, एकसारखे.

“आता?” तिने विचारलं.

भट्टीवाली टाकीखाली लाकडं सारत होती. समोर काचेची पेटी होती, पेटीच्या मागे आता तिचा पलंग नव्हता. दाराशी साडेनऊच्या बोटीच्या आधीच रिसॉर्टमधले दोन पाहुणे कॅमेरा घेऊन येऊन थांबले होते, धूर निघायची वाट बघत.

“सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?” जाऊ म्हणाली.

“भट्टीत घाला म्हणाल्या असत्या.”

“मग?”

भट्टीवालीने टॉवेल हातात घेतला, टाक्यांवरून अंगठा फिरवला. काम चांगलं होतं. तिने तो टाकीत टाकला आणि काठीने पाण्याखाली दाबला.

“दोन उकळ्या देऊ,” ती म्हणाली. “आणि इस्त्री जरा कमी तापव. नवीन कापड आहे.”